त्र्यंबकपलीकडचा आंबट पाऊस

प्रवासवर्णन लिहायचं तर माणूस निदान काश्मीरला तरी जाऊन आलेला असावा, अशी आमच्या पंचवटीतल्या गल्लीत समजूत आहे. मी त्र्यंबकच्या पुढे, हरसूलच्या बाजूला जाऊन आलो. नाशिकहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. तरीही लिहितो आहे, कारण काश्मीर गल्लीतल्या निम्म्या लोकांनी पाहिलं आहे आणि करंजधोंड एकानेही पाहिलेलं नाही.

गावाचं खरं नाव करंजधोंड नाही. ते बदलायचं ही माझ्या भाचीची, मीनलची, अट होती. दुसरी अट अशी की शास्त्रीय शब्द शक्यतो वापरायचे नाहीत, कारण मामा ते चुकीचे वापरतो. दोन्ही अटी मी मान्य केल्या आहेत.

मी अंबडच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यात होतो. लोखंडी भागांवर निकेल आणि क्रोम चढवायचं काम. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि माझी इच्छा काय आहे ते मला कळवलं. घरी बसल्यावर थोड्याच दिवसांत बायकोनेही तिची इच्छा कळवली, ती अशी की मी घरी बसू नये. नेमक्या त्याच सुमाराला मीनलला डोंगरात जायला गाडी आणि गाडी चालवणारा हवा होता. माझ्याकडे जुनी मारुती व्हॅन होती. वेळही होता.

मीनल रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विषय आहे आम्लपर्जन्य. कारखान्यांचा धूर वर जातो, ढगात मिसळतो आणि आम्ल होऊन पावसाबरोबर खाली येतो. युरोपातल्या थंड देशांत डोंगरावरची तळीच्या तळी या पावसाने आंबून गेली आहेत. त्यातल्या एका तळ्याचा फोटो तिने मला दाखवला होता. पाणी इतकं नितळ की तळाचा दगड न् दगड मोजून घ्यावा. मी म्हणालो, "वा, काय स्वच्छ तळं आहे!"

"मामा, ते मेलंय," मीनल म्हणाली. "त्यात शेवाळ नाही, मासा नाही, गोगलगाय नाही. म्हणून स्वच्छ दिसतंय."

मी पंचवटीत राहतो. मेलेलं पाणी कसं दिसतं याबद्दल माझी कल्पना अगदी वेगळी होती.

तिच्या सरांचा तर्क असा की पावसाळी वारा समुद्रावरून येतो, वाटेत किनारपट्टीचा धूर उचलतो आणि सह्याद्रीच्या उंच कड्याशी थांबून तिथे रिता होतो. तेव्हा आम्ल सापडायचं तर तिथेच सापडेल. तर्क मला पटला. मला बहुतेक तर्क पटतात. मग मीनलने पाच गावांत पाऊस धरायची सोय केली. अंगणात खांब, खांबावर पांढरं नरसाळं, खाली डबा. प्रत्येक गावात एका घराला विनंती केली की आठवड्याचा पाऊस डब्यातून बाटलीत ओतायचा, झाकण घट्ट लावायचं, तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि बाटली सावलीत ठेवायची. लोकांनी हे काम आनंदाने घेतलं. पाऊस जपून ठेवायला सांगणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

पावसाळ्याच्या मध्यावर तिने एक फेरी मारून पहिल्या बाटल्या आणल्या. चार गावांचा पाऊस अगदी सज्जन निघाला. आपल्याकडच्या धुळीत चुन्याचा अंश असतो, ती हवेतल्या हवेत आम्ल मारून टाकते. ज्या धुळीला मी जन्मभर शिव्या घातल्या, ती इतक्या उपयोगाची आहे हे ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं. पाचव्या गावचा, म्हणजे करंजधोंडचा पाऊस मात्र आंबट होता. एखादी बाटली नाही, झाडून सगळ्या.

सर खूश झाले. दिल्लीच्या परिषदेसाठी त्यांनी निबंधाचा सारांश पाठवूनही दिला. मीनलला मात्र एक गोष्ट खटकत होती. धुराचं आम्ल असेल तर त्यात गंधकाचा अंश भरपूर सापडायला हवा, आणि तो जेमतेम होता. सर म्हणाले, यंत्र जुनं झालंय. "बाकीच्या चार गावांच्या वेळी यंत्र तेवढंच जुनं होतं," असं मीनल म्हणाली. हे ती सरांना नाही, मला म्हणाली.

तिची शिष्यवृत्ती येत्या मार्चला संपत होती. करंजधोंडचा पाऊस खरोखर आंबट असेल तर प्रबंध झाल्यात जमा होता. नसेल तर नमुने नव्याने घ्यायला अख्खा पावसाळा लागणार होता, आणि आपल्याकडे पावसाळा मार्चच्या आत येत नाही. म्हणून दिवाळी झाल्या झाल्या आम्ही निघालो. उरलेल्या बाटल्या आणायच्या, गावावरचं डोंगरातलं तळं तपासायचं आणि हा आंबटपणा पावसाचा आहे की बाटलीचा, ते एकदाचं बघायचं.

त्र्यंबक आणि पुढचा नाका

त्र्यंबकपर्यंतच्या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि कोणाला आवडलेला नाही.

त्र्यंबकला मिसळ खाल्ली. मिसळ ठीक होती, पाव कालचा होता. मीनलने एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सरांचे गुडघे दुखत असल्यामुळे ते डोंगर फोनवरून बघत असत. त्यांनी सांगितलं, "तळ्यात मासे नसणार, त्याची नोंद कर."

"आणि असले तर, सर?"

"तर नीट बघ," सर म्हणाले.

त्र्यंबक सोडलं की रस्ता वर चढतो आणि देश संपतो. अलीकडे पडलेलं पाणी गोदावरीत जातं आणि सगळं दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळतं. पलीकडे पडलेलं पाणी दोन उड्या मारून पश्चिमेच्या समुद्राला पोचतं. मधल्या धारेवर मी गाडी थांबवून उभा राहिलो. इतक्या मोठ्या वाटणीच्या जागी एखादी पाटी तरी असावी असं मला वाटलं. पाटी होती, ती गुटख्याची होती.

पुढे नाक्यावर एका पोलिसाने व्हॅन अडवली. त्या रस्त्याने पलीकडून दारू येते, त्यामुळे तपासणी असते. मागे खोक्यांत रिकाम्या बाटल्या होत्या आणि तुलनेसाठी घेतलेली पहिल्या फेरीतली एक भरलेली. त्याने नेमकी तीच उचलली.

"ह्ये काय?"

"पाऊस," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आमच्या गावाला बी पाऊस पडतो, काका. त्याला आसा वास नाय येत."

त्याने सावलीत बसलेल्या हवालदारांना हाक मारली. हवालदारांनी डोळे मिटून वास घेतला. ते बराच वेळ डोळे मिटून होते. "पहिल्या धारेची नाय," ते शेवटी म्हणाले. मीनलने विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं, आम्ल, ढग, वारा सगळं समजावून सांगितलं. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हे कोणाला पाजायचं नाही या बोलीवर आम्हाला सोडलं.

पुढे गेल्यावर मीही वास घेतला. आंबूस होता. प्लेटिंग खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या अधिकाराने मी सांगितलं, "हे आम्लच."

"पावसातल्या आम्लाला वास नसतो, मामा. शेवाळबिवाळ धरलं असेल."

"आमच्याकडच्या ॲसिडला असायचा."

त्यावर घाट उतरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

करंजधोंड

त्या दिवसांत तिकडे जावं. उतारांवर खुरासणी फुललेली असते, सगळा डोंगर पिवळाजर्द दिसतो. खालच्या खाचरांत भात कापणीला आलेला, वर नागली. हवा अशी की माणसाला विनाकारण भूक लागते. आमची व्हॅन शेवटच्या चढावर थांबली आणि मागे मागे यायला लागली. तेव्हा एका शेतकऱ्याने बैलजोडी सोडून आणली. बैलांनी आम्हाला गावात नेऊन पोचवलं. अंबडला बनलेला एखादा तरी भाग त्या व्हॅनमध्ये असणार, या विचाराने मी त्या बैलांच्या नजरेला नजर दिली नाही.

आमचा मुक्काम भिमाबाईंच्या घरी होता. पाऊस सांभाळणारं घर हेच. भिमाबाई सत्तरीच्या पलीकडच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या हाताला धरून बोलणाऱ्या. घरात मुलगा, सून कमळ आणि सारवलेल्या जमिनीवर हक्काने फिरणाऱ्या कोंबड्या. मुलगा द्राक्षांच्या कामाला पिंपळगावकडे गेलेला होता. मीनल त्यांना आजी म्हणायची. मी त्यांना मावशी म्हणालो, तर त्यांनी मला निरखून बघितलं आणि "बरं," म्हणाल्या.

आल्या आल्या चहा आला. गुळाचा, कोरा, गवती चहाची पात घातलेला. मी साखरेच्या चहाचा माणूस. गुळाच्या चहाने माझी जीभ बिघडते आणि मग मनही बिघडतं. मी कमळला जरा लाडात विचारलं, "साखर नाही का घरात?" ती सासूकडे बघून म्हणाली, "हाय की. पन ती कामाची हाय." कसल्या कामाची ते मी विचारलं नाही. सणाची असेल, असं धरून चाललो.

जेवण मात्र असं होतं की गुळाचा चहा मी माफ केला. नागलीची भाकरी, चुलीवरून थेट ताटात. उडदाचं वरण, इतकं घट्ट की भाकरीचा तुकडा त्यात उभा राहावा. बरोबर मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला तिखट चालेल का असं विचारतात, इथे पाणी हवं का असं विचारलं. मी दोनदा हो म्हणालो.

जेवणानंतर मीनलने भिमाबाईंना त्या परदेशातल्या तळ्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो दिव्याजवळ नेऊन पाहिला.

"मासा नाय?"

"नाही आजी."

"बेडूक तरी?"

"तोही नाही."

"मंग त्या तळ्याचं करत्यात काय?"

"फोटो काढतात," मी म्हणालो.

मीनलने सांगितलं की तिकडचं सरकार अशा तळ्यांत विमानातून चुना टाकतं, म्हणजे आम्ल मरतं आणि मासे परत येतात. भिमाबाईंनी हे मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आन् कात कोन टाकतं?"

मग त्या गंभीर झाल्या. मीनलचा हात धरून म्हणाल्या, "आमचं बी तळं तसं व्हनार का गं?" मीनलने सांगितलं की तेच बघायला आलेय. त्या रात्रभर कूस बदलत होत्या, असं सकाळी कमळ म्हणाली. गावाचं पिण्याचं पाणी, गुरांचं पाणी आणि उन्हाळ्यातलं कालवण, तिन्ही त्याच तळ्यातून येतं.

तळं

तळं गावाच्या डोक्यावर, पठारावरच्या एका खोलगटात आहे. वाट चढणीची. कमळ रिकामा हंडा डोक्यावर घेऊन पुढे, मीनल यंत्राची पेटी घेऊन मध्ये आणि मी माझा देह घेऊन मागे. कमळ मधूनमधून थांबायची आणि मला वाईट वाटू नये म्हणून एखादं झुडूप बघत उभी राहायची.

वर पोचलो तर कमळने चपला काढायला लावल्या. तळ्यात साबण चालत नाही, काठावर धुणं चालत नाही, थुंकणं तर नाहीच. कोणी लिहून लावलेलं नाही, तरी सगळे पाळतात. आमच्याकडे नदीकाठी हे सगळं लिहून लावलेलं आहे. पाणी हिरवट, काठाला पाणगवत, मध्ये कमळाची पानं. त्या फोटोतल्या तळ्याच्या मानाने अगदीच गबाळं. मला ते एकदम आवडलं.

मीनलने यंत्राची कांडी पाण्यात धरली. सातच्या खाली आम्ल, वर गेलं तर उलट, हे मला कारखान्यापासून माहीत आहे. आकडा सातच्या थोडा वर जाऊन थांबला. ती जागा बदलून पुन्हा बघू लागली. मी मदत करावी म्हणून एका दगडावर पाय ठेवला. दगड शेवाळलेला होता. मी कंबरेपर्यंत तळ्यात उतरलो, म्हणजे तसा निर्णय घेतलेला नव्हता, पण उतरलो. कमळने तोंडाला पदर लावला. त्याच वेळी माझ्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी चावलं.

"काय झालं?" मीनलने विचारलं.

"मासा."

"नक्की? नीट बघितलास?"

मी नीट बघितला नव्हता, पण त्याने मला नीट चावलं होतं. पुढे कमळनेच काठाशी लुगड्याचा पदर पाण्यात धरून चांगले पाच-सहा बोटभर मासे वर काढले. मीनलला दगडांखाली गोगलगायी सापडल्या. आंबट पाण्यात आधी गोगलगायी जातात, त्यांचं शंखाचं घर चुन्याचं असतं, त्यामुळे ते विरून जातं. इथल्या गोगलगायींची घरं धडधाकट होती. एकीला हात लावला तर तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

"म्हणजे तळं जिवंत आहे," मी म्हणालो.

"हो," मीनल म्हणाली. आवाजात आनंद होता आणि त्याच्या खाली काहीतरी रडवेलं होतं. ती दगडावर बसली, गुडघ्यांना मिठी मारून. मग बऱ्याच वेळाने तिने एक रस्ता काढला. काळ्या कातळातून झिरपताना आम्ल मरतं. कदाचित पाऊस आंबट असेल, पण कातळ तळ्याला वाचवत असेल. तसं असेल तर प्रबंध गेलेला नव्हता. उलट जास्तच चांगला झाला असता.

खाली आल्यावर तिने अंगणातला खांब, नरसाळं, डबा सगळं तपासलं. नरसाळं नुकतंच घासल्यासारखं पांढरंशुभ्र. डबा स्वच्छ, त्यात पक्ष्याचं पीस नाही, पान नाही, मुंगी नाही. बाकीच्या चार गावांपेक्षा इथली व्यवस्था जास्त चोख होती. भिमाबाई शेजारी उभ्या राहून, परीक्षा चालू असल्यासारख्या बघत होत्या.

"मामा, बाटलीत काही चूक नाही," मीनल हळूच म्हणाली. "पाऊसच आहे. पाऊसच आंबट आहे." तिचा चेहरा असा उजळला होता की मीही आकाशातून आम्ल पडतंय याचा मनापासून आनंद मानला. तिने भिमाबाईंना तळ्याची चिंता नाही असं सांगितलं. त्यांनी तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. त्या संध्याकाळी माशांचं कालवण होतं आणि अंगठ्याचा हिशेब मी पुरा केला.

निघताना

काम झालं होतं म्हणून सकाळी मीनलने नरसाळं उतरवून, गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवलं. भिमाबाईंनी माळ्यावरून बाटल्या काढून दिल्या, ओळीने, तारखेच्या चिठ्ठ्या लावलेल्या. शेवटची बाटली मात्र चुलीजवळ राहिली होती. तिच्यात परतीच्या पावसाचं पाणी होतं, पण चिठ्ठी लावायची राहिली होती आणि झाकण नुसतं टेकवलेलं होतं.

"थांब, ही नीट करून देते," भिमाबाई म्हणाल्या. "कमळे, डबी आन गं."

कमळने फळीवरून पितळेची डबी आणली. भिमाबाईंनी चिमूटभर साखर घेतली, बाटलीत सोडली, झाकण घट्ट लावलं, बाटली दोनदा हलवली आणि मीनलच्या हातात दिली.

मीनल बाटली धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "सगळ्या बाटल्यांत घातलीत?"

"समद्या! येक बी इसरले नाय. पयल्यापासून."

"का पण?"

भिमाबाईंना प्रश्नच कळला नाही. "का म्हंजी? कुनाचं भांडं मोकळं कसं द्यायचं?"

"मोकळं कुठे होतं, मावशी?" मी म्हणालो. "पाणी होतं की त्यात."

"पानी तं आभाळाचं," त्या म्हणाल्या. "त्यात आमचं काय हाय?"

आता हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत शेजारणीचं भांडं परत करताना कोणी रिकामं देत नाही. काही नसेल तर निदान चिमूटभर साखर टाकून देतात. माझ्या बायकोने मीनलच्या आईला आजवर एकही डबा रिकामा पाठवलेला नाही. मीनल तेच बघत वाढली. विद्यापीठातून भांडी पाठवताना हे तिला सुचलं नाही, आणि कारखान्यातून आलेल्या मला तर नाहीच नाही.

"गूळ घालनार व्हते," भिमाबाई पुढे म्हणाल्या, "पन तू म्हनलीस पानी सोच्छ पाह्यजे. गुळानं पिवळं झालं आसतं. म्हनून साखर ठिवली बाजूला, तुह्या कामाची. घरात कोनाला हात लावू दिला नाय."

मला त्यांचा गुळाचा चहा आठवला. साखरपाणी सावलीत आठवडेच्या आठवडे राहिलं, आंबलं, आणि त्याचं आम्ल झालं. नाक्यावरच्या हवालदारांना जे एका वासात कळलं, ते दिल्लीच्या परिषदेपर्यंत गेलं होतं.

"छान केलंत, आजी," मीनल म्हणाली. तिने वाकून नमस्कार केला, बाटल्या खोक्यात भरल्या आणि आम्ही निघालो.

उतारावर

गावाबाहेरच्या वळणावर, तो बैलांचा चढ लागायच्या आधीच, तिने गाडी थांबवायला लावली. आधी ती हसली. पोट धरून हसली, मीही हसलो. मग ती रडायला लागली आणि मी रुमाल शोधू लागलो. रुमालाला माशाचा वास होता, तरी दिला.

वाट वाकडी करून सल्ला द्यायचा माझा स्वभावच आहे. मी म्हणालो, "हे बघ. सारांश गेलाय. सर खूश आहेत. आकडे खरे आहेत, कोणी बनवलेले नाहीत. कोणाला कळणार आहे?"

"आजींना माहीत आहे ना."

"आजी काही दिल्लीला येणार नाहीत."

"मी जाणार आहे ना, मामा."

मला त्या क्षणी भाचीचा फार अभिमान वाटला. पण तसं तोंडावर सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी गिअर टाकला. "नाशिकला?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. मागे वळव."

मागे वळवायला तिथे जागा नव्हती. मी बरीच वाट उलटी चालवत आलो. गावातली जी मंडळी आम्हाला निरोप देऊन परतत होती, त्यांनी व्हॅनला वाट करून दिली आणि काही विचारलं नाही.

भिमाबाई ओट्यावरच होत्या. "काय राह्यलं गं?"

मीनल त्यांच्याजवळ बसली. त्यांनी सवयीने तिचा हात हातात घेतला. "आजी, मला आभाळ काय देतंय तेवढंच बघायचंय," ती म्हणाली. "तुम्ही दिलेलं त्यात मिसळलं की मला ते वेगळं ओळखता येत नाही. चूक माझी आहे, मी आधी सांगायला हवं होतं."

भिमाबाई ऐकत राहिल्या. आधी त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. मग त्यांची नजर व्हॅनच्या मागच्या दाराकडे, खोक्यांकडे गेली. "मंग त्या समद्या बाटल्या?"

मीनलने खोटं बोलायचं ठरवलं असावं, कारण तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "वाया गेल्या," ती म्हणाली.

"आन् तुही परीक्षा?"

"तीही या वर्षी नाही."

कमळ दारात येऊन उभी राहिली होती. मी चपलेने अंगणातला खडा इकडचा तिकडे केला.

"पाऊस काय, पुढल्या साली पडंल परत," भिमाबाई म्हणाल्या.

"हो, पडेल ना."

"तो पडंल गं. तू येशील का?"

मार्चनंतर ती कुठे असेल, कोण तिला कशाला गाडीभाडं देईल, सर हे सगळं कसं घेतील, यातलं काहीही तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मीनल उठली, व्हॅनकडे गेली, खोकी बाजूला सारून गुंडाळलेलं नरसाळं बाहेर काढलं आणि खांबापाशी आली.

"आता कुठला पाऊस?" भिमाबाई म्हणाल्या. वर आभाळ निळंशार होतं, पाऊस यायला अजून सात-आठ महिने होते.

"असू दे," मीनल म्हणाली आणि तार बांधू लागली. भिमाबाई उठल्या, पदर खोचला आणि तिच्यासाठी खांब घट्ट धरून उभ्या राहिल्या.